लघवीआधी एक, लघवीनंतर एक

जांघेतल्या हर्नियात सहसा आतडे किंवा पोटातली चरबी उतरते. शंभरातल्या एक ते चार रुग्णांत मात्र मूत्राशयाचा, म्हणजे लघवीच्या पिशवीचा, काही भाग तिथे उतरलेला सापडतो. रुग्ण बहुधा पन्नाशी ओलांडलेला पुरुष असतो. प्रोस्टेट वाढलेली, लघवीला कुंथायची सवय जुनी. यातले जेमतेम सात टक्के शस्त्रक्रियेआधी ओळखले जातात, असा अंदाज वैद्यकीय लेखनात वारंवार येतो. बाकीचे बरेचसे ऑपरेशनच्या टेबलावर कळतात, कधी पिशवीला सुरी लागल्यावर.

एक खूण मात्र ठळक आहे. लघवी झाल्यावर रुग्ण गाठ हाताने दाबतो आणि पुन्हा लघवी होते. सेनगावच्या शेतकऱ्याला विचारल्याशिवाय तो हे सांगणार नाही. गाठीला 'हायड्रोसील' म्हणून तो मोकळा झालेला असतो.

सोनोग्राफीच्या पडद्यावर हायड्रोसील आणि उतरलेले मूत्राशय या दोन्हींतले पाणी सारखेच काळे दिसते. हायड्रोसीलचे पाणी अंडाभोवती कोंडलेले असते. मूत्राशय उतरले असेल, तर काळा पट्टा जांघेतून वर चढत पोटातल्या पिशवीला जाऊन मिळतो. तो नीट दिसत नसेल, तर उपाय बिनखर्चाचा आहे. पाणी पिऊन, लघवी रोखून आलेल्या रुग्णाला एकदा तपासायचे, मग लघवी करून यायला सांगून पुन्हा प्रोब ठेवायचा. हायड्रोसील तेवढेच राहते, मूत्राशय आकसते. तालुक्याच्या गावी ही दुसरी तपासणी गर्दीत राहून जाते, आणि खरी चूक तिथेच होते.

सीटी स्कॅनमध्ये पिशवीचा एक कोपरा खाली-पुढे ओढल्यासारखा टोकदार दिसतो. उताणे झोपल्यावर हर्निया आत सरकू शकतो. म्हणून शंका असल्यास पालथे झोपवून चित्रे घेतात. शिरेतून दिलेले औषध लघवीत उतरेपर्यंत काही मिनिटे थांबले, तर खाली गेलेला भागही उजळतो. सिस्टोग्राममध्ये नळीने औषध थेट पिशवीत भरून एक्स-रे काढतात. त्यातल्या आकाराला इंग्रजी पुस्तके डंबेल म्हणतात. औंढा नागनाथच्या जिल्ह्यात त्याला डमरू म्हणणेच शोभेल.

वर्षाच्या आतल्या काही बाळांत अर्धवट भरलेली पिशवी दोन्ही जांघांकडे कानांसारखी फुगते. ती बहुधा आपोआप जागेवर येते.

मोठ्यांच्या रिपोर्टात बाजू, उतरलेला भाग, प्रोस्टेटचा आकार आणि दोन्ही मूत्रपिंडे यांची नोंद हवी. कधी मूत्रवाहिनीही सोबत ओढली जाते आणि वरचे मूत्रपिंड फुगते.