दोन शिखरांमधले ३४ किलोमीटर

नेपाळमधल्या लार्जुंग गावाजवळ कालीगंडकीच्या पात्रात आम्ही आठ जण सॅक उतरवून बसलो, तेव्हा उंची होती साधारण २,५५० मीटर. पश्चिमेला धौलागिरी, ८,१६७ मीटर. पूर्वेला, निलगिरीच्या रांगेमागे, अन्नपूर्णा, ८,०९१ मीटर. आणि या दोन माथ्यांमधलं सरळ रेषेतलं अंतर फक्त ३४ किलोमीटर! १८५३ साली बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला गेली, तिनं जवळपास एवढीच वाट कापली होती. त्या वाटेच्या दोन्ही टोकांना आठ-आठ हजार मीटरचे डोंगर उभे करा आणि शीव-कुर्ल्याच्या आसपास जमीन साडेपाच किलोमीटर खाली सोडा. आम्ही तिथे, त्या तळाशी, चणे खात बसलो होतो.

दरीची खोली काठापासून मोजायची की शिखरापासून, यावर वाद आहे, त्यामुळे ‘जगातली सर्वांत खोल’ हा किताब कुणाला द्यायचा ते ठरत नाही. मला त्या वादात रस नाही. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची सगळी उंची, म्हणजे १,६४६ मीटर, एकावर एक तीनदा रचली, तरी नदीपासून धौलागिरीच्या माथ्यापर्यंत आणखी सहाशे-सातशे मीटर उरतात. दर किलोमीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे खाली आम्ही बाह्या सरसावून १५ अंशांत बसलेलो असताना वर उणे वीसच्या आसपास असणार. मान मोडेपर्यंत वर पाहिलं तरी हे पटत नाही, कागदावर गुणाकार केला की पटतं.

मुक्तिनाथहून तातोपानीपर्यंत पाच दिवस चालायचं होतं आणि या पाच दिवसांत सुमारे अडीच हजार मीटर खाली उतरायचं होतं. उताराची वाट म्हणून आम्ही निर्धास्त होतो, पण वाऱ्याचा हिशेब धरला नव्हता. सकाळी दहा-अकराला उत्तरेचं मुस्तांगचं उघडं पठार तापतं, तिथली हवा वर उठते आणि तिची जागा घ्यायला दक्षिणेची हवा या अरुंद घळीतून धावत सुटते. ताशी ५० किलोमीटरच्या पुढचा वारा, तोही समोरून, वाळू घेऊन. वाटेतल्या जोमसोमची विमानं म्हणूनच सकाळीच उडतात. आमच्यातल्या सर्वांत धाकट्या मुलीनं ओढणी तोंडाला बांधली आणि दोन दिवस ती फक्त खुणांनी बोलली.

पाऊसही तसाच. अन्नपूर्णेच्या दक्षिणेला लुमले इथे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त, आणि तिथून पन्नासेक किलोमीटरवरच्या जोमसोमला जेमतेम ३०० च्या आसपास. महाबळेश्वर आणि माण तालुका यांच्यातला फरक आपल्याला ठाऊक आहे. इथे तो त्याहून कितीतरी तीव्र आहे. सकाळी बोडक्या, पिवळट डोंगरातून निघालेला माणूस दोन-तीन दिवसांनी पाईनच्या सावलीत आणि पुढे केळीच्या बागांत पोचतो.

पण या दरीतला मला सर्वांत मोठा वाटलेला आकडा मुठीत मावतो. पात्रातल्या काळ्या गोट्यांत शाळिग्राम असतात. आजीच्या ताम्हनात तुळशीपत्राखाली जो असायचा, तोच. आत दिसणारं चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री जीवाचा शंख, सुमारे १४ ते १६ कोटी वर्षांपूर्वीचा. आपला सह्याद्री ज्या लाव्हारसाचा बनला, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. अमोनाइटही त्याच सुमारास जगातून नाहीसे झाले. म्हणजे देव्हाऱ्यातला तो दगड सह्याद्रीच्या दुपटीहून जुना आहे, आणि हिमालय तर त्याच्यापुढे पोरच! भारताचा भूभाग आशियाला भिडला साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी, आणि अजूनही तो वर्षाला चार-पाच सेंटीमीटर, म्हणजे बोटाचं नख वाढतं जवळपास त्याच वेगानं, उत्तरेला सरकतो आहे. या दोघांमधल्या टेथिस समुद्राचा तळ त्या रेट्यानं ढगांत गेला. नदी मात्र, भूशास्त्रज्ञ म्हणतात, हे डोंगर वाढण्याआधीपासून इथे होती. डोंगर चढत राहिले, ती कापत राहिली. वर्षाला पाच मिलिमीटर धरा, दहा लाख वर्षांत पाच किलोमीटर झाले.

मग एवढा दगड गेला कुठे? कालीगंडकी पुढे नारायणी होते, मग गंडक, आणि पाटण्यासमोर गंगेला मिळते. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून दरवर्षी सुमारे शंभर कोटी टन गाळ वाहून आणतात. बंगालच्या उपसागराच्या तळाशी तो साचून सुमारे ३,००० किलोमीटर लांब पसरला आहे, काही ठिकाणी १६ किलोमीटरहून जाड. आम्ही ज्या पोकळीतून पाच दिवस चाललो, तिच्यातला दगड तिथे आहे, पुन्हा समुद्राखाली.

तातोपानीला गरम पाण्याच्या कुंडाशेजारी आम्ही बूट काढले. प्रत्येकाच्या बुटातून मूठमूठ करडी वाळू निघाली. ती आम्ही नदीत झटकली.