बैलाच्या रक्तात औषध किती उरले?

रब्बीची घाई ओसरली की हिंगोली, सेनगाव, कळमनुरीच्या भागात शंकरपटाच्या गप्पा सुरू होतात. जोडी घड्याळावर पळते आणि निकाल सेकंदाच्या अंशांनी लागतो. समजा, पट रविवारी आहे आणि मंगळवारी एका बैलाचा पुढचा पाय मुरगळला. जनावरांच्या डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅमचे इंजेक्शन दिले. सूज आणि वेदना कमी करणारे हे औषध आहे आणि उपचारही योग्यच आहे. शुक्रवारी बैल सरळ चालू लागला. आता रविवारी त्याला जुंपायचे की नाही?

मालक म्हणतो, बैल बरा झाला. खरा प्रश्न वेगळाच आहे. पाय बरा झाला, की दुखणे फक्त दबले? बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. दुसरी शक्यता खरी असेल, तर अर्धवट भरलेल्या शिरांवर पूर्ण वेगाचा ताण पडतो. वेदना थांबवायला हवी होती तिथे ती गप्प बसलेली असते. जनावर पटावरच कोसळू शकते, आणि मागे छकड्यावर माणूस असतो.

राज्याच्या २०१७ च्या कायद्याने आणि नियमांनी बैलगाडी शर्यतींना चौकट घालून दिली. न्यायालयीन अडथळे पार करत डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने कायदा वैध ठरवला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, धाव हजार मीटरपेक्षा जास्त नको, बैल तंदुरुस्त असल्याचे पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र हवे, उत्तेजक द्रव्य देता कामा नये. हे सगळे ठीकच. पण मंगळवारचे वेदनाशामक उत्तेजक नाही, ते औषध आहे. त्याचा किती अंश अंगात असताना पळवायचे नाही, याचा आकडा नियमात नाही.

घोड्यांच्या शर्यतीत मात्र हा प्रश्न अनेक दशके घोळला आहे. मुंबईच्या महालक्ष्मीला आणि पुण्याला शर्यती होतात. घोड्यांच्या मूत्राचे आणि रक्ताचे नमुने तपासले जातात आणि दिल्लीच्या राष्ट्रीय डोप चाचणी प्रयोगशाळेत त्याची सोय आहे. पूर्वी उत्तर सोपे वाटे: शर्यतीच्या दिवशी अंगात औषध शून्य असले पाहिजे. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी डर्बीचा विजेता डान्सर्स इमेज हा घोडा फेनिलब्युटाझोन या वेदनाशामकामुळे बाद ठरला होता.

पण शून्य म्हणजे किती, हे यंत्र ठरवते. यंत्रे सुधारली तसे शून्य खाली सरकत गेले. २०२१ च्या त्याच डर्बीत पहिला आलेल्या मेडिना स्पिरिटच्या रक्तात बीटामेथासोन हे स्टिरॉइड मिलिलिटरला २१ पिकोग्रॅम सापडले. या प्रमाणात एक ग्रॅम औषध पसरायचे, तर पावणेपाच कोटी लिटर द्रव लागेल. ते त्वचेच्या मलमातून आले, असे घोड्याच्या बाजूने सांगण्यात आले. शर्यतीच्या दिवशी ते औषध अजिबात चालत नव्हते, त्यामुळे फेब्रुवारी २०२२ मध्ये पहिला क्रमांक काढून घेतला गेला. नियम मोडला होता हे खरे. पण एवढ्याशा अंशाने घोडा जास्त पळाला का, हा प्रश्न नियमाने विचारलाच नव्हता.

शून्याच्या हट्टाचा दुसरा तोटा जास्त गंभीर आहे. औषधाचा अंश आठवडाभर सापडणार असेल, तर मालक शर्यतीपूर्वी उपचारच टाळतो आणि जनावर दुखणे अंगावर काढते.

काही पदार्थांच्या बाबतीत तर शून्य अशक्यच आहे. ॲस्पिरिनच्या कुळातले सॅलिसिलेट लसूणघासातूनही घोड्याच्या पोटात जाते. म्हणून मूत्रात मिलिलिटरला ७५० मायक्रोग्रॅमपर्यंत ते चालते. कोबाल्ट हा धातू बी-१२ जीवनसत्त्वातच असतो. तो भरमसाट दिला तर तांबड्या पेशी वाढतात, या समजुतीने ऑस्ट्रेलियात त्याचा गैरवापर सुरू झाला. तिथे २०१५ पासून देशभर मूत्रात लिटरला २०० मायक्रोग्रॅम ही मर्यादा लागू झाली आणि २०१६ मध्ये ती १०० वर आणली गेली. ब्लॅक कॅव्हियार या अजिंक्य घोडीचे प्रशिक्षक पीटर मूडी यांनाही दुसऱ्या एका घोड्याच्या कोबाल्ट प्रकरणात २०१६ मध्ये निलंबन भोगावे लागले.

खाद्यातून येणाऱ्या पदार्थाची मर्यादा निरोगी जनावरे मोजून काढता येते. उपचाराच्या औषधाचे काय? इथे फ्रान्समधल्या तुलूझच्या पशुवैद्यक शाळेतले पिएर-लुई तूतँ यांची पद्धत कामी आली. सहकाऱ्यासह त्यांनी ती २००२ मध्ये मांडली. औषध सापडते का, हे विचारण्याऐवजी त्यांनी विचारले, की ते अजून काम करते का. औषध गुण देते तेव्हा रक्तात त्याची पातळी किती असते, हे आधी काढायचे. तिला ५० ने भागायचे, म्हणजे सरासरी जनावरात परिणाम नगण्य होतो. प्रत्येक जनावर वेगळे असते म्हणून पुन्हा १० ने भागायचे. एकूण भागाकार ५०० चा. उरलेल्या पातळीखाली औषध सापडले तरी ते निरर्थक मानायचे. हा ५०० काही निसर्गाचा नियम नाही, ती माणसांनी ठरवलेली सावधगिरी आहे. तूतँ यांनीही अंतिम निर्णय शर्यतीच्या नियामकांवर सोडला. याच धर्तीच्या मर्यादा पुढे युरोपात आणि ऑस्ट्रेलियासह अनेक देशांत वापरात आल्या. ॲनाबॉलिक स्टिरॉइडसारख्या द्रव्यांना मात्र ही सवलत नाही. सांध्यात इंजेक्शन दिले असेल, तर ऑस्ट्रेलियात आकडा न पाहता आठ पूर्ण दिवस घोडा पळवता येत नाही, कारण सांध्यातले औषध रक्तात दिसण्यापेक्षा जास्त काळ तिथे काम करत राहते.

मग घोड्याचे आकडे उचलून बैलाला लावावेत का? तसे केले तर फसगत होईल. औषध अंगातून जाण्याचा वेग प्राण्यागणिक बदलतो. रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणाऱ्या वेळेला अर्धायुष्य म्हणतात. फेनिलब्युटाझोनचे अर्धायुष्य घोड्यात पाच-सहा तास असते, माणसात तीन दिवसांच्या आसपास, तर गुरांत दीड-दोन दिवस किंवा त्याहूनही जास्त. मेलॉक्सिकॅमचे घोड्यात सुमारे आठ तास, तर तरुण गुरांत सुमारे २६ तास.

आता मंगळवारच्या इंजेक्शनचा हिशोब पाहू. एखादी गोष्ट नऊ वेळा निम्मी केली की ती ५१२ पट कमी होते, म्हणजे तूतँ यांच्या ५०० च्या अगदी जवळ. घोड्यात आठ तासांप्रमाणे नऊ अर्धायुष्यांना ७२ तास लागतील, म्हणजे तीन दिवस. मंगळवारी औषध घेतलेला घोडा रविवारी सहज मर्यादेखाली असेल. बैलात २६ तासांप्रमाणे २३४ तास, जवळजवळ दहा दिवस. रविवारपर्यंत पाचच दिवस झालेले असतील आणि सुरुवातीच्या पातळीचा चोविसावा-पंचविसावा भाग अंगात उरलेला असेल. पूर्ण वाढलेल्या बैलाला तरुण गुरांचा आकडा तंतोतंत लागू नाही, हे खरे. दुभत्या गायींत हेच अर्धायुष्य साडेसतरा तासांचे मोजले गेले आहे. ते धरले तरी साडेसहा दिवस होतात. हा कागदावरचा हिशोब आहे, पण रविवार घाईचाच ठरतो.

आणि औषध उतरले म्हणजे पाय भरला असे नाही. हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीची पोती वाहणारा हमाल पाठीत चमक भरली की मेडिकलमधून गोळी घेतो, तासाभरात मोकळा होतो आणि पुन्हा पोते उचलतो. गोळीने चमक दबते, शीर भरायला आठवडे लागतात. त्याला निदान आपण गोळी घेतली आहे हे ठाऊक असते. बैलाला तेही नसते.

माणसांच्या डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन जनावराला टोचणे हा तर वेगळाच गुन्हा. गिधाडे त्यानेच मेली आणि म्हणून २००६ पासून जनावरांसाठी ते बंद आहे. तरी ‘आपल्या घरात आहेच’ म्हणून ते अधूनमधून गोठ्यात पोचते.

प्रमाणपत्र देणारा पशुवैद्यक बैल चालवून पाहतो, खूर आणि सांधे दाबतो, ताप बघतो. रक्तातले मेलॉक्सिकॅम त्याच्या बोटांना लागत नाही. ते मालकालाच सांगावे लागते: गेल्या पंधरा दिवसांत कोणते औषध दिले, कोणत्या तारखेला, किती, शिरेत, मांसात की सांध्यात, आणि कोणी. रिकामी बाटली आणि चिठ्ठी सोबत नेली तर अधिक बरे. डेक्सामेथासोनसारखे स्टिरॉइड दिले असेल तर ते आवर्जून सांगावे, कारण सूज आणि ताप दोन्ही झाकण्यात ते पटाईत असते. त्यावर पशुवैद्यक म्हणाला, की हा रविवार सोडा, तर पुढचा पट फार लांब नसतो.