मृदंगाची कणीक आणि वाटेवरचं गाणं

आषाढी वारीच्या दिवसांत बारामतीत मुक्काम केलात, तर संध्याकाळी एखाद्या मृदंगवाल्याशेजारी जाऊन बसा. भजनाआधी तो पिशवीतून गव्हाचं पीठ काढतो, पाण्यात भिजवून चांगलं मळतो आणि तो गोळा मृदंगाच्या डाव्या तोंडावर थापतो. एक थाप मारून कान लावतो. आवाज हवा तेवढा खाली उतरला नसेल तर आणखी थोडी कणीक लावतो, जड वाटला तर बोटाने खरवडून काढतो. पोळीची कणीक आणि मृदंगाची कणीक एकाच पिठाची!

कातड्यावर वजन वाढलं की ते सावकाश थरथरतं आणि स्वर खाली येतो. कणीक वाळली की तिच्यातलं पाणी उडतं, वजन घटतं आणि स्वर वर चढायला लागतो. म्हणून लांबलेल्या भजनात वादकाचं बोट मध्येच पाण्यात जातं. उजव्या बाजूला काळी शाई कायमची चढवलेली असते. तिचा चमत्कार तर आणखी मोठा. साध्या ताणलेल्या कातड्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत. त्यातून धड स्वर उमटत नाही, नुसता दणका ऐकू येतो. मधोमध शाईचा थर चढला की तेच उपस्वर स्वरमेळात येतात आणि कातडं तारेसारखं सुरात बोलू लागतं. सर सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे जगापुढे मांडलं. ज्या कारागिरांनी शाईचे थरावर थर चढवत हे साधलं, त्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत, याची मला खंत वाटते.

हा सगळा मुलूख मात्र ज्वारीचा. मग मृदंगाला गहूच का? गव्हाच्या पिठात चिवटपणा असतो. मळलं की ते ताणलं जातं, चिकटतं आणि थापेखाली कातड्याबरोबर हलतं. ज्वारीत तो चिवटपणा नाही. म्हणूनच भाकरीचं पीठ गरम पाण्यात मळावं लागतं, आणि ती लाटण्याऐवजी हाताने थापावी लागते. मृदंगावर ते पीठ वाळून तडकेल आणि पाचव्या अभंगाला खाली पडेल. भाकरी ताटात, कणीक मृदंगावर, ही वाटणी धान्याच्या गुणानेच केलेली आहे.

ताटातली भाकरी या दिवसांत पिठल्याबरोबर येते, सोबत ठेचा आणि कांदा. दिंडीतली माणसं जेवणासाठी भिशी भरतात. स्वयंपाकाचा ट्रक पुढे जातो, पाल पडतं, चुली पेटतात आणि माणसं चालत पोचेपर्यंत पंगतीची तयारी होते. गावातली घरंही आपापल्या परीने वाढत असतात. तुम्ही दिंडीतले नसलात तरी पंगतीत बसायला कोणी नाही म्हणत नाही. जेवल्यावर वाढायला उभं राहायचं, एवढं आपण होऊन करावं. प्यायला चहा, ताक आणि वाटेत रसवंती दिसली तर उसाचा रस. चरकाला बांधलेली घुंगरं लांबूनच सांगतात की चरक फिरतोय. नीरेच्या कालव्याने या भागाला ऊस दिला, आणि त्याच्या रसाला ठेका या घुंगरांनी.

बारामतीला गाणं ऐकायची सवय जुनीच आहे. कऱ्हेकाठी इथल्या नाईकांच्या आश्रयाने कवी मोरोपंत (१७२९–१७९४) इथेच राहिले, पुराण सांगत राहिले. त्यांच्या बहुतेक आर्यांच्या प्रत्येक ओळीत १२ आणि १८ मात्रांचे दोन तुकडे असतात. मात्रा इतक्या चोख मोजलेल्या असतात की चाल आपोआप धरली जाते. नारदीय कीर्तनकार अजूनही त्या गातात.

सकाळी तुकोबांची पालखी निघाली की गाणं चालू लागतं, आणि मला सर्वांत जास्त नवल याचंच वाटतं. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे ३४ मीटर मागच्या टाळकऱ्याला पुढच्या मृदंगाची थाप सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा ऐकू येते. कानाला खटकायला एवढा उशीर पुरतो. मैलभर लांबलेल्या वारीला एका मृदंगावर धरायचं म्हटलं तर ताल फुटलाच असता. म्हणून प्रत्येक दिंडीचा मृदंग वेगळा, वीणेकरी वेगळा आणि दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या रांगा. टाळकरी नुसतं ऐकत नाहीत, बघतही असतात. पावली पडते, गुडघे वाकतात, टाळ वर जातात, आणि प्रकाशाला उशीर होत नाही. वारकऱ्यांचं नाचणं हे भक्तीचं आहेच. माझ्या मते ते ताल डोळ्यांनी पोचवण्याचं साधनही आहे.

बारामतीहून इंदापूर सुमारे ५० किलोमीटर. वाटेत काटेवाडीला परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचा कळप पालखीच्या रथाभोवती गोल धावतो. त्यांच्या खुरांचा आवाज टाळांत मिसळतो तो ऐकायला रथाच्या जवळ जागा धरायला हवी. पुढे बेलवडीला आणि मग इंदापूरला गोल रिंगण. पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया धावतात, वीणेकरी आणि टाळकरी धावतात, शेवटी अश्व. गोल रिंगणात आवाजाच्या उशिराची वाटेवरची अडचण उरत नाही. लांब पसरलेली वारी एका वर्तुळात येते, अंतरं आखडतात आणि कितीतरी दिंड्यांचे टाळ एकत्र घुमतात. पायांखालची जमीन थरथरते, हे मी शब्दशः सांगतो.

देहूहून पालखी घेऊन जाण्याची ही रीत तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये घालून दिली. इंदापूरनंतर सराटीला पादुकांना नीरास्नान होतं आणि नदी ओलांडून पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरते. इंदापूरलाच थांबायचं असेल तर तिथून पुण्याची एसटी आहे. आणखी एक दिवस काढता आला तर सराटीपर्यंत चालाच, आणि मृदंगाजवळून चाला.