शेरूचा वास नेमका येतो कुठून?

आमचा शेरू लॅब्राडॉर. पावसाळ्यात दर रविवारी अंघोळ, तरी मंगळवारपर्यंत घरभर आंबूस वास. आई म्हणाली, "आता याला गॅलरीत बांध." मी आपला शॅम्पू बदलतोय, बग न शोधता नुसतं रीस्टार्ट! शेवटी नाकानेच तपासलं: तोंड, पंजे, शेपटीखाली, कान. कानातच तपकिरी मळ! व्हेटनी तो मायक्रोस्कोपखाली पाहिला. मॅलॅसेझिया, म्हणजे यीस्ट. कुत्र्याच्या त्वचेवर ती असतेच, पण ओल मिळाली की माजते. लोंबते कान, त्यात अंघोळीचं पाणी... म्हणजे खतपाणी मीच घालत होतो. आता व्हेटनी दिलेले थेंब, आणि अंघोळीनंतर कान कोरडे. इअरबड आत घालू नका, मळ खोल जातो. मासळीसारखा वास आला, तर मात्र गुदग्रंथी तपासायला सांगा.