धुराचे वैयक्तिक खाते

एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास भरते. ते जळले की गाडीच्या नळीतून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पाऊण किलोचे सव्वादोन किलो होतात, कारण पेट्रोलमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन स्वतःला जोडून घेतो. हा वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. तो माणसागणिक मोजावा, ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडावा आणि ज्याने कमी सोडला त्याला पैसे द्यावेत, असा प्रयोग फिनलंडमधल्या एका मध्यम आकाराच्या शहराने खरोखर करून पाहिला.

ते शहर म्हणजे हेलसिंकीच्या उत्तरेला सुमारे १०० किलोमीटरवरचे लाहती. वस्ती जवळपास १ लाख २० हजार. स्कीइंगच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धा तिथे सात वेळा भरल्या आहेत आणि २०२१ साली युरोपची हरित राजधानी होण्याचा मानही लाहतीला मिळाला. युरोपीय संघाच्या आर्थिक मदतीने २०१८ मध्ये तिथे ‘सिटीकॅप’ हा प्रकल्प सुरू झाला आणि २०२० मध्ये त्याचे मोबाइल ॲप नागरिकांच्या हाती आले.

यातले खरे नवल त्या ॲपच्या पोटात आहे. वापरणाऱ्याने काही लिहायचे नाही, कुठे नोंद करायची नाही. फोन खिशात असला की झाले. जागा सांगणारी उपग्रह यंत्रणा आणि फोनला बसणारे हिसके टिपणारा संवेदक, या दोहोंवरून माणूस चालतो आहे, सायकलवर आहे, बसमध्ये आहे की मोटारीत, हे ॲप ताडते. चालणाऱ्याच्या पावलांना ठेका असतो, सायकलस्वाराच्या पायांना वेगळा. बस ठरावीक मार्गाने जाते आणि थांब्याथांब्यावर थबकते. वाहतूक तुंबली की बस आणि मोटार यांत फरक करणे अवघड होते, आणि मोटार पेट्रोलवर चालते की विजेवर हे हिसक्यांवरून कळणे तर दूरच.

लाहतीच्या रहिवाशाच्या प्रवासातून आठवड्याला सरासरी २१ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, असा तिथला हिशेब होता. म्हणजे साधारण नऊ लिटर पेट्रोल. त्यात पाव हिस्सा कपात व्हावी हे उद्दिष्ट. प्रत्येकाला त्याच्या परिस्थितीप्रमाणे आठवड्याचा कोटा मिळे. कोट्याच्या आत राहिले की खात्यावर आभासी युरो जमा होत. त्यांतून बसचे तिकीट, पोहण्याच्या तलावाचा प्रवेश किंवा कॉफी आणि केक घेता येई. कोटा ओलांडला तर दंड नव्हता, कारण सहभाग ऐच्छिक होता.

रक्कम किती? सुरुवातीला आठवड्याला फार तर दोन युरो. ही चिल्लर वाटेल, पण बाजाराशी ताडून पाहिली तर ती उदारच म्हणावी लागते. युरोपातल्या कारखान्यांसाठी २००५ पासून कार्बन सोडण्याच्या परवान्यांचा बाजार चालतो. २०२० च्या शरद ऋतूत तिथे टनाचा भाव २५ युरोंच्या आसपास होता. त्या भावाने अख्खे २१ किलो वाचवले तरी हाती पडतो जेमतेम अर्धा युरो. मोटार सोडून बर्फातून चालत जायला एवढ्यावर कोण तयार होईल? माझ्या मते या कल्पनेची सगळ्यात अवघड जागा हीच आहे. टनांच्या व्यवहारात भारदस्त वाटणारा भाव माणशी वाटला की त्याचा खुर्दा होतो.

कदाचित म्हणूनच लाहतीने नुसत्या ॲपवर भिस्त ठेवली नाही. याच प्रकल्पात शहराने सायकलींसाठी खास मार्ग बांधला. रस्त्यावर रंगवलेल्या खुणा हिवाळ्यात बर्फाखाली गाडल्या जातात, म्हणून तिथे खुणांची चित्रे वरून प्रकाशाने बर्फावरच पाडायची सोय केली. पुढे तर या शहराने सार्वजनिक सायकलींसारख्या सार्वजनिक स्कीसुद्धा ठेवल्या! प्रयोगाचे फळ मात्र नेमके जोखता आले नाही. ॲप आले त्याच वर्षी करोनाची साथ आली आणि लोकांचे हिंडणेफिरणे तसेही आटले.

माणशी कोट्याची मूळ कल्पना लाहतीच्या प्रयोगाहून जुनी आहे. ब्रिटनमध्ये डेव्हिड फ्लेमिंग यांनी १९९६ मध्ये ती मांडली. इंधन आणि विजेसाठी प्रत्येक प्रौढाला सारखा वाटा, रेशनकार्डावरच्या साखरेसारखा; फरक इतकाच की उरलेला वाटा उघडपणे विकता यावा. २००६ मध्ये तिथले पर्यावरणमंत्री डेव्हिड मिलिबँड यांनी ही कल्पना उचलून धरली. २००८ मध्ये मात्र सरकारी अभ्यासाने ती काळाच्या पुढची आणि खर्चिक ठरवली. तेव्हा खिशाखिशात स्मार्टफोन नव्हते.

चीनने दुसरी वाट धरली. बीजिंगमध्ये २०२० पासून नकाशाच्या ॲपवर नोंदणी करून बस, मेट्रो, सायकल किंवा पायी केलेल्या प्रवासाची कार्बनबचत जमा करता येते. एकेकट्याची बचत किरकोळ, म्हणून ॲपची कंपनी ती एकत्र करून कार्बन बाजारात विकते आणि मोबदला प्रवाशांना सवलतीच्या कूपनांतून मिळतो. २०२१ मध्ये अशी १५,००० टनांची बचत विकली गेली. खुर्दा गोळा करून नोट करण्याचा हा मार्ग मला अधिक व्यवहारी वाटतो.

भारतात दिल्ली मेट्रोने संयुक्त राष्ट्रांच्या योजनेखाली कार्बन क्रेडिट मिळवली आहेत: ब्रेक लावताना वीज परत मिळवल्याबद्दल, तसेच रस्त्यावरचे प्रवासी रुळांवर आणल्याबद्दल. ती क्रेडिट महामंडळाच्या नावावर जमा होतात. मोटार घरी ठेवून मेट्रोत उभ्याने जाणाऱ्या प्रवाशाचे त्यात वेगळे खाते नसते. आणि मुंबईच्या लोकलने जन्मभर जाणाऱ्याचे काय? त्याने मोटार सोडलेली नाही, कारण ती कधी घेतलीच नव्हती. मागच्या सवयीत किती सुधारणा झाली यावर क्रेडिट द्यायचे ठरवले, तर त्याच्या वाट्याला शून्य येईल. लाहतीच्या पद्धतीप्रमाणे कोटा आधी ठरवून दिला, तर मात्र दर आठवड्याला त्याच्या खात्यावर शिल्लक पडेल.