उन्हाळ्यातील थंड सार : कृती आणि काळजी



चैत्र संपता संपता आपल्या अमझेऱ्यात दुपारी लू वाहू लागते. मुले उन्हातून घरी येतात आणि ताटाकडे न पाहता बाजारातील रंगीत सरबत किंवा बर्फाचा गोळा मागतात. तो बर्फ कोणत्या पाण्याचा आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. म्हणून पोटात पाणी, मीठ आणि भाजी एकदमच जाईल असा एक घरगुती पदार्थ आम्ही येथे सांगत आहोत : काकडी-दुधीचे थंड सार.

कल्पना नवी नाही. माळव्यातील खेड्यांत मक्याची ताकातली राबडी आणि महाराष्ट्रात ज्वारीची आंबील उन्हाळ्यात थंडच घेतात. दक्षिण स्पेनमध्ये टोमॅटो-काकडीचे ‘गास्पाचो’ आणि बल्गेरियात दही-काकडीचे ‘तारातोर’ ही थंड सूपे प्रसिद्ध आहेत. जेथे ऊन कडक, तेथे असे पदार्थ आपोआप घडले.

साहित्य (चार जणांसाठी)

कोवळा दुधी (लौकी) पाव किलो, मध्यम काकड्या २, गोड दही १ वाटी, उकळून गार केलेले पाणी २ वाट्या, पुदिन्याची १०-१२ पाने, आल्याचा लहान तुकडा, हिरवी मिरची १, भाजलेल्या जिऱ्याची पूड १ चमचा, मीठ. फोडणीसाठी तेल १ चमचा, मोहरी, हिंग, कढीपत्ता.

कृती

प्रथम दुधी आणि काकडीचा लहानसा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा. कडू लागल्यास थुंकून टाकावा व ते फळ फेकून द्यावे. हा कडवटपणा विषारी असतो आणि शिजवूनही जात नाही. कडू दुधीच्या रसामुळे २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला होता.

दुधी सोलून, आले घालून, थोड्या पाण्यात मऊ शिजवावा. पातेले परातीतील गार पाण्यात ठेवून ढवळत राहावे व परातीतील पाणी दोन-तीन वेळा बदलावे. दुधी निवला की सोललेली काकडी, स्वच्छ धुतलेला पुदिना व मिरची यांच्यासह मिक्सरमध्ये वाटावा. घुसळलेले दही, पाणी, जिरेपूड व मीठ मिसळावे. फोडणी तेलाचीच करावी, कारण तूप थंडीने गोठून त्याचे कण तोंडात येतात. फोडणी निवल्यावर सारात घालून ते दोन तास फ्रिजमध्ये ठेवावे. चव थंड झाल्यावरच पाहावी. थंड पदार्थाची चव जिभेला फिकी लागते.

फ्रिज नसल्यास

शिजवलेला दुधी मिसळताना मटक्यातील उकळलेले पाणीच वापरावे. मातीच्या छिद्रांतून पाझरलेले पाणी हवेत उडून जाते आणि जाताना मटक्याची उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्यात ५८ ग्रॅम पाणी १० अंशांनी थंड होते! माळव्याची हवा एप्रिल-मेमध्ये कोरडी असते म्हणून मटका येथे चांगला चालतो. कोकणच्या दमट हवेत तो इतका गार होत नाही. आपल्या अंगाचा घामही हेच काम करतो. मात्र घामाबरोबर मीठही जाते, म्हणून सारात मीठ हवे.

मटक्याच्या पाण्याने केलेले सार जेवणाच्या वेळीच करावे आणि त्याच जेवणात संपवावे.

काळजी

थंडीने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त मंदावते. साधारण ५ ते ६० अंश तापमानात ते झपाट्याने वाढतात. म्हणून शिजवलेला दुधी ओट्यावर तासन् तास निवत ठेवू नये. आपल्याकडील उन्हाळ्यात तयार सार तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहू नये. फ्रिजमधलेही त्याच दिवशी संपवावे. पालकांना आमची विशेष विनंती आहे की एप्रिलमध्ये शाळा चालू असताना हे सार डब्यात देऊ नये. डब्यात काकडीच्या अखंड फोडी व पाण्याची बाटली पुरेशी आहे. सार घरी आल्यावर द्यावे.

सार हे औषध नाही, हेही लक्षात असावे. उन्हात फिरलेल्या मुलाचे अंग फार तापले, ते असंबद्ध बोलू लागले किंवा बेशुद्ध झाले तर तोंडात काहीही घालू नये. सावलीत नेऊन, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर फोन करून लगेच रुग्णालय गाठावे.

विद्यार्थ्यांनो, सुट्टीत आईला किंवा आजीला मदत करून हे सार घरी करा. मटक्यातील आणि बाहेरच्या बादलीतील पाण्याचे तापमान थर्मामीटरने मोजून वहीत लिहा. शाळा उघडल्यावर त्या नोंदी आम्ही वर्गात एकत्र पाहू.