शाळेचे ग्रंथालय आणि आपले घर

धान्य कणगीत नीट जपून ठेवले, तर ते वर्षभर टिकते. पुस्तकाचे मात्र तसे नाही. पुस्तक कपाटात कोंडून ठेवले, की त्यावर प्रथम धूळ बसते, मग कसर लागते, आणि एखाद्या पावसाळ्यात वाळवी ते आतून पोखरून टाकते. बाहेरून पुठ्ठा शाबूत दिसतो. उघडून पाहावे, तो आत मातीच माती! माणसाच्या हाताचा नित्य स्पर्श हेच पुस्तकाचे खरे संरक्षण होय. म्हणून ज्या शाळेतील पुस्तके हाताळून थोडी मळली आहेत, ती शाळा भाग्यवान समजावी. आणि वीस वर्षांपूर्वी घेतलेली पुस्तके जेथे अद्याप कोरी करकरीत आहेत, तेथे काहीतरी चुकते आहे, असे जाणावे.

एके काळी पुस्तके बांधून ठेवण्यास सबळ कारण होते. छपाईची कला येण्यापूर्वी प्रत्येक ग्रंथ हाताने लिहावा लागे, आणि एक मोठी प्रत पुरी होण्यास कित्येक महिने लागत. आपल्याकडे अशा पोथ्या रुमालात बांधून ठेवीत. तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून पोथीला जपावे, अशी विनंती नक्कल करणारे पोथीच्या शेवटी लिहून ठेवीत. युरोपात तर मोलाचे ग्रंथ लोखंडी साखळीने फळीला जखडलेले असत. इंग्लंडमधील हेरफर्ड येथील मोठ्या चर्चमध्ये असे साखळ्यांचे ग्रंथालय आजही पाहावयास मिळते. पुढे छापखाने आले, एका ग्रंथाच्या हजारो प्रती निघू लागल्या, आणि साखळ्या गळून पडल्या. कुलपाची सवय मात्र पुष्कळ ठिकाणी तशीच राहिली.

ही सवय मोडण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांचा जन्म १८९२ साली झाला. ते मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम ग्रंथरूपाने जगापुढे मांडले. पुस्तके उपयोगासाठी असतात. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवावा. आणि ग्रंथालय ही वाढती, सजीव संस्था आहे – असे ते पाच नियम होत. ते किती साधे आहेत पाहा! परंतु ते खरोखर पाळले, तर शाळेचेच काय, घराचेही रूप पालटेल.

प्रथम वेळ वाचविण्याचा नियम घेऊ. ग्रंथालयात पुस्तके कशीही रचलेली नसतात. बाजारात भाजी एकीकडे आणि भांडी दुसरीकडे असतात, तद्वत तेथे एका विषयाची पुस्तके एकत्र असतात. मेल्व्हिल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली सर्व विषयांचे दहा मोठे वर्ग पाडले आणि प्रत्येकाला अंक दिले. त्याच्या पद्धतीत ५०० हा अंक विज्ञानाचा, त्यातील ५९० हा प्राण्यांचा, आणि त्यातही ५९८ हा पक्ष्यांचा. जगातील अनेक ग्रंथालयांत पक्ष्यांविषयीची पुस्तके याच अंकाखाली सापडतात. लहान शाळेत असे अंक नसतील; तेथे कपाटांवर ‘विज्ञान’, ‘चरित्रे’, ‘प्रवासवर्णने’, ‘गोष्टी’ अशा चिठ्ठ्या असतील. तरी तत्त्व एकच. पुस्तक कोठे आहे हे ज्ञात झाले, की अर्धे काम झाले.

आता एक उदाहरण घेऊ. सातवीतील एखाद्या मुलीने विहिरीवर वाकलेल्या बाभळीच्या फांदीला सुगरणीची घरटी लोंबताना पाहिली. ही घरटी कोण विणते, असा प्रश्न तिच्या मनात आला. ती ग्रंथालयात गेली, तर तिने काय करावे? प्रथम मराठी विश्वकोशासारखा कोश पाहावा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली या विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. आता तो संगणकावरही वाचता येतो. कोशातील नोंदी अकारविल्हे, म्हणजे वर्णमालेच्या क्रमाने लावलेल्या असतात. हवा तो शब्द न सापडल्यास ‘पक्षी’ यासारखा व्यापक शब्द पाहावा. त्यानंतर पक्ष्यांवरील एखादे पुस्तक घ्यावे. ते पहिल्या पानापासून वाचण्याची गरज नाही. प्रारंभीची अनुक्रमणिका आणि शेवटची सूची पाहावी. सूचीतील पृष्ठांक नेमक्या पानाकडे घेऊन जातो.

तेथे तिला एक नवल वाचावयास मिळेल. नाव ‘सुगरण’ असले, तरी ते सुबक घरटे विणतो तो नर! गवताच्या व पानांच्या लांब धाग्यांनी तो घरटे अर्धे विणतो. मादी येऊन त्याची पाहणी करते. तिला ते पसंत पडले, तर नर ते पुरे करतो. सुप्रसिद्ध पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांनी अलिबागजवळच्या किहीम येथे १९३० च्या सुमारास या पक्ष्याचे बारकाईने निरीक्षण केले होते. ही माहिती तिने आपल्या वहीत स्वतःच्या शब्दांत उतरून घ्यावी, आणि खाली पुस्तकाचे नाव व पृष्ठांक लिहावा. कोणी विचारले, ‘हे कशावरून?’ तर दाखविण्यास आधार राहतो.

परंतु खरी मौज पुढेच आहे. ती मुलगी रात्री घरी ही गोष्ट सांगेल, तेव्हा तिचे वडील म्हणतील, ‘अगं, ही घरटी मी लहानपणापासून पाहतो आहे. ती पाण्यावर झुकलेल्या फांदीलाच का असतात, ठाऊक आहे? तेथवर सापाला सहज पोहोचता येत नाही.’ पुस्तकाने मुलीला जे दिले, त्यात वडिलांच्या अनुभवाने भर घातली. ग्रंथालयातील ज्ञान आणि घरातील ज्ञान यांची अशी गाठ पडणे, हा ग्रंथालयाचा सर्वांत मोठा लाभ होय.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी पाठ्यपुस्तकांखेरीज दुसरे पुस्तक नसते. आईवडिलांना वाचनाची आवड नसते असे नाही. पैसा आणि सवड यांची वाण असते. अशा घरात पुस्तक शिरते ते बहुधा एकाच वाटेने – शाळेत जाणाऱ्या मुलाच्या दप्तरातून. ती वाट बंद राहिली, तर केवळ एक मूल नव्हे, सारे घर पुस्तकाला पारखे होते. म्हणून शाळेतून पुस्तक आणाल, तेव्हा ते केवळ स्वतःसाठी आणू नका. जेवणे आटोपल्यावर त्यातील चार पाने मोठ्याने वाचा. आजीला अक्षरओळख नसेल, पण तिचे कान तयार आहेत. जात्यावरच्या ओव्या जिला पाठ आहेत, तिला गोष्टीतील मर्म तुमच्याआधी कळेल, आणि अडलेल्या एखाद्या जुन्या शब्दाचा अर्थही तीच सांगेल. धाकट्या भावंडांना चित्रे दाखवा. वडील शेती करीत असतील, तर मातीची अथवा पाण्याची माहिती देणारे पुस्तक त्यांच्यासाठी मागून आणा. आईला काय वाचावेसे वाटते, हे तर अवश्य विचारा. पुष्कळ घरांत तिला हा प्रश्न कधी कोणी विचारलेलाच नसतो. चाळीस मुलांच्या वर्गाने आठवड्याला एकेक पुस्तक घरी नेले, आणि प्रत्येक घरी चार जणांनी ते वाचले वा ऐकले, तर एकशेसाठ जणांपर्यंत ग्रंथालय पोहोचले, हा साधा हिशेब आहे.

पुस्तके लोकांच्या दारी नेण्याचा प्रयत्न आपल्याकडे पूर्वीही झाला आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना पाचारण करून संस्थानात ग्रंथालयांची व्यवस्था उभारली. तेथून पुस्तकांच्या पेट्या गावोगाव पाठविल्या जात. सातारा जिल्ह्यातील भिलार हे २०१७ साली ‘पुस्तकांचे गाव’ झाले, तेव्हा तेथील ग्रामस्थांनी आपल्या घरांतील खोल्याच पुस्तकांसाठी खुल्या केल्या. तुमचे दप्तर हीसुद्धा अशीच एक फिरती पेटी आहे.

मात्र यात एक अडचण येते, ती भीतीची. ‘पुस्तक फाटले तर दंड पडेल, ते घरी आणूच नकोस,’ असे काही पालक म्हणतात. पुस्तक हरवले तर नोंदवहीत काय दाखवावयाचे, ही चिंता शिक्षकांनाही असते. ही भीती घालविणे तुमच्याच हाती आहे. पुस्तकाला साध्या कागदाचे वेष्टन घालावे. बोटाला थुंकी लावून पाने उलटू नयेत. पानाचा कोपरा दुमडू नये. खुणेसाठी कागदाची पट्टी ठेवावी. पुस्तक उंबरठ्यावर, चुलीजवळ अथवा तान्ह्या मुलाच्या हाती लागेल असे ठेवू नये. पान फाटलेच, तर स्वतः चिकटपट्टी लावू नये. ती कालांतराने पिवळी पडून कागद खराब करते. शिक्षकांना ते पान दाखवावे आणि काय झाले ते खरे सांगावे. ज्या मुलाचे बोलणे सरळ असते, त्याला दुसरे पुस्तक देण्यास कोणी कचरत नाही. नेमल्या दिवशी पुस्तक परत करणे हे तर कर्तव्यच होय. कारण तुमच्या मागे त्याची वाट पाहणारा एक वाचक उभा असतो.

पालकांनीही हे जाणून घ्यावे, की ग्रंथालय ही शाळेने केलेली मेहेरबानी नव्हे. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ सालच्या कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, तेथे वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे घालून दिले आहे. त्याच कायद्यान्वये सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, आणि तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. कपाट आठवड्यातून किती वेळा उघडते, हा प्रश्न त्या सभेत नम्रपणे विचारता येतो. नुसते विचारूनच थांबू नये. एखाद्या आईने वेष्टने घालण्यास हात द्यावा, एखाद्या सुताराने फळी ठोकून द्यावी, मुलाच्या वाढदिवसाला एखादे चांगले पुस्तक शाळेला भेट द्यावे. ग्रंथालय सजीव आहे, असे रंगनाथन म्हणत. आणि सजीवाला रोज थोडे खाऊ घालावे लागते.

मित्रहो, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हा नियम आता पुन्हा आठवा. तुमच्या शाळेच्या कपाटात असे एखादे पुस्तक खात्रीने असेल, की ज्याच्या नोंदपत्रावर अजून एकाही विद्यार्थ्याचे नाव चढलेले नाही. कदाचित ते तुमच्या आजीला आवडेल, कदाचित वडिलांच्या उपयोगी पडेल, कदाचित तुमच्या जन्माची दिशाही ठरवील. उघडून पाहिल्यावाचून हे कळावयाचे नाही. उद्या ग्रंथालयाच्या तासाला ते पुस्तक शोधा, शिक्षकांकडून नोंद करून घ्या, आणि संध्याकाळी ते घरी घेऊन जा.